मेनूचं शेवटचं पान

लेकीच्या बाळंतपणासाठी मी 2022च्या नोव्हेंबरात चिपळूणहून सेंट पॉलला गेले. अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा म्हणून राज्य आहे, त्याची ही राजधानी. बॅगेत अळीव, डिंक, खारकेची पूड, सुंठ, भाजलेला बाळंतशोपा आणि घरच्या कुळथाचं पीठ होतं. सव्वा महिना लेकीला काय करून घालायचं याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. त्या यादीत एका उपाहारगृहातलं जेवण असेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

मी आल्यावर तीन आठवड्यांनी जावई म्हणाले, "आई, बाहेर जेवायला जाऊ. इथे थाई जेवण छान मिळतं आणि खिशालाही परवडतं." लेकीला आठवा महिना सरत आला होता आणि तिला घरात बसून कंटाळा आला होता. निघताना मी नेहमीप्रमाणे कोमट पाण्याचा थर्मास पिशवीत टाकला. अमेरिकेत कुठेही पाणी मागा, अर्धा ग्लास बर्फच येतो. बाहेर उणे दहा तापमान असलं तरी येतो.

युनिव्हर्सिटी अव्हेन्यू हा सेंट पॉलमधला लांबलचक रस्ता. त्याच्या मधोमध 2014 पासून ग्रीन लाइन नावाची रेल्वे धावते. फ्रॉगटाउन या जुन्या वस्तीतून हा रस्ता जातो तिथे दोन्ही बाजूंना किराणा, सोनार, केश कापणारे, कर भरून देणारे अशी बुटकी दुकानं आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर आग्नेय आशियातली नावं. आमचं उपाहारगृह त्यातलंच. बारा-चौदा टेबलं, भिंतीला लाकडी पट्ट्या, काउंटरवर एक हसरी मुलगी. तिच्या मागे सुनीसा ली या मुलीचा फोटो. ती याच शहरात वाढलेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक तिने आणलं. "ती आमची," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बाहेरच्या पाटीवर 'थाई' मोठ्या अक्षरात होतं आणि त्याच्या शेजारी जरा लहान अक्षरात 'ह्मोंग'.

ह्मोंग म्हणजे लाओसच्या डोंगरातून इथे आलेली एक जमात. 'ह्मोंग' हे असं लिहिणं मला नंतर पटेनासं झालं. इथले गोरे लोक नुसतं 'मॉंग' म्हणतात. त्या मुलीने मला नीट म्हणून दाखवलं तेव्हा सुरुवातीला नाकातून हलकी हवा सोडलेली ऐकू आली. अगदी तंतोतंत तोच नाही, पण आपल्या म्हैस, म्हातारी, म्हणणे यांतला 'म्ह' त्याला फार जवळचा आहे. मी "म्होंग" म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले. त्यांच्याकडे न्ह आणि ल्ह यांच्या जवळचेही आवाज आहेत. पहिलीच्या वर्गाला बत्तीस वर्षं अक्षरं गिरवायला शिकवली मी. त्यामुळे या गोष्टीचा मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही. तेव्हा इथे मी म्होंगच लिहिते.

त्या दिवशी आम्ही नवखी माणसं मागवतात तेच मागवलं. मेनूच्या पहिल्या दोन पानांवर फोटो होते: पॅड थाई नावाच्या परतलेल्या शेवया, नारळाच्या दुधातली हिरवी आमटी, अननस घातलेला भात. प्रत्येक पदार्थ अकरा-बारा डॉलरला, म्हणजे आपले हजारभर रुपये. मला तो आकडा मोठाच वाटला. पण ताट आलं तेव्हा एकेका पदार्थात दोन माणसं जेवतील एवढं होतं, आणि अमेरिकेत इतर ठिकाणी एवढ्या पैशात काय येतं ते मी एव्हाना पाहिलं होतं. शिल्लक राहिलेलं डब्यात भरून देतात, त्यात आमचं दुसऱ्या दिवशीचं दुपारचं भागलं. चव बरी होती, जरा गोडसर. लेकीला कच्च्या पपईची कोशिंबीर हवी होती. मी नाही म्हटलं. गरोदरपणात पपई नको, हे आमच्याकडे पक्कं आहे. ती हिरमुसली, पण ऐकलं.

माझं लक्ष मात्र शेजारच्या टेबलाकडे होतं. तिथे पणजीपासून मांडीवरच्या पोरापर्यंत एक कुटुंब बसलं होतं आणि त्यांच्या पुढ्यात आमच्यातला एकही पदार्थ नव्हता. मधे एका मोठ्या वाडग्यात उकडलेला पाला, त्याचं हिरवट पाणी. एका वाटीत हिरवा ठेचा. वेताच्या छोट्या टोपलीत जांभळट भात. आणि ती सगळी माणसं तो भात हाताने उचलून, बोटांनी गोळा करून, ठेच्यात टेकवून खात होती. हाताने! तीन आठवडे मी काट्या-चमच्याच्या देशात होते. मला उठून त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं.

बिल द्यायला गेल्यावर मी त्या मुलीला विचारलं की ते लोक काय जेवताहेत. ती जरा संकोचली. म्हणाली, "ते आमचं घरचं जेवण. तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मेनूच्या शेवटच्या पानावर आहे."

शेवटचं पान मी त्या रात्री फोनवर काढलेल्या फोटोत मोठं करून वाचलं. एकही चित्र नाही. नावं रोमन लिपीत, पण वाचता येईनात. शब्दांच्या शेवटी बी, जे, व्ही, एस अशी विचित्र अक्षरं. त्याचा उलगडा पुढच्या भेटीत झाला. ही लिपी 1950च्या दशकात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली. म्होंग भाषेत स्वर उंच, खालचा, चढता, उतरता लावला की शब्दाचा अर्थच बदलतो, आणि शब्दाच्या शेवटचं अक्षर हे त्या चढउताराची खूण असतं. ते उच्चारायचं नाही. भाजीला ते 'झाउ' म्हणतात. लिहिताना शेवटी 'बी' लिहितात, त्याचा अर्थ एवढाच की आवाज वर लावा.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी सरळ शेवटचं पान उघडलं आणि त्या मुलीला म्हटलं, "मी डुक्कर आणि गाय खात नाही. कोंबडी आणि मासे खाते. हाताने जेवते. आता मला तुमच्या घरी वाढतात तसं वाढ."

हे आधी सांगणं महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थोडं थांबते. या जेवणात डुकराचं मांस पुष्कळ. त्यांचं सॉसेज डुकराचंच, लेमनग्रास आणि आलं घातलेलं. जावयांना ते फार आवडतं. मोहरीचा पाला बहुतेकदा डुकराच्या मांसाबरोबर उकडतात. शुद्ध शाकाहारी माणसाला नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण साध्या दिसणाऱ्या कोशिंबिरीतही माशाचं पाणी असतं. लेकीची एक पुण्याची मैत्रीण तिथे येते, ती 'फिश सॉस नको, कोळंबीची पेस्टही नको' असं दर वेळी स्पष्ट सांगते आणि तिला तसं करून मिळतं. मागवायला काउंटरवर जायचं, ती एक आकडा देते, तो टेबलावर ठेवायचा. पाणी, काटे-चमचे आपले आपण आणायचे. आणि वर बक्षिसी ठेवायची. मला आधी ती पद्धत खटकली. पण मागच्या स्वयंपाकघरात तीन बायका पहाटेपासून राबत असतात हे पाहिल्यावर खटकेनाशी झाली.

तर त्या दिवशी आधी आला तो उकडलेला पाला. मोहरीचा पाला आणि भोपळ्याचे कोवळे शेंडे, नुसत्या पाण्यात शिजवलेले. मी चमचाभर घेतलं. मीठ नाही. तेल नाही, फोडणी नाही, काही नाही. मुलीने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "एकटं नाही खायचं." मग तिने मला क्रम दाखवला. उजव्या हाताने भाताचा लिंबाएवढा गोळा तोडायचा, बोटांत दाबायचा, ठेच्याला जरासा लावायचा आणि तोंडात टाकायचा. त्यावर पाला. त्यावर त्या पाल्याचं गरम पाणी, वाडग्यातूनच एक घोट. ठेच्यात हिरव्या-लाल बारीक मिरच्या, कोथिंबीर, पातीचा कांदा, लिंबू आणि माशाचं खारं पाणी होतं. सगळ्या जेवणाचं मीठ आणि तिखट त्या एका वाटीत. बाकी सगळं मुद्दाम अळणी.

दोन-तीन घासांनंतर मला हे जेवण कळलं. हे डोंगरातल्या शेतकऱ्याचं जेवण आहे. आमच्या वाडीवर लावणीच्या दिवसांत पेज आणि खारातली मिरची असायची, पेजेला स्वतःची चव जवळजवळ नसायची, आणि दुपारी चिखलातून वर आल्यावर तिच्यासारखं पोटात निवणारं दुसरं काही नव्हतं. तसंच हे. पहिल्या पानावरचे पदार्थ पहिल्या घासाला आवडतात. या पाल्याला अर्धं जेवण होईपर्यंत वेळ द्यावा लागतो.

भाताबद्दल सांगायलाच हवं. हा चिकट भाताचा वेगळाच तांदूळ. त्यातल्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून तो असा चिकटतो. तो रात्रभर भिजवतात आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बांबूची निमुळती टोपली ठेवून निव्वळ वाफेवर शिजवतात, आपण मोदकपात्रात उकडतो तसा. पांढऱ्या तांदळात मूठभर काळा तांदूळ घातला की सगळा भात जांभळा होतो. मला आयुष्यभर मोकळ्या भाताचं कौतुक. भात गोळा झाला तर आमच्याकडे सुनेचा उद्धार व्हायचा. इथे गोळा होतो म्हणूनच त्याला किंमत. टोपलीवर झाकण ठेवायचं, नाहीतर तो वाळून कडक होतो. हे मी पहिल्यांदा विसरले आणि शेवटचे चार घास चिवट लागले.

मग केळीच्या पानात बांधून उकडलेला मासा आला. पान उलगडलं आणि वास आला तो शेपूचा. मी लेकीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. शेपू! माशात! लाओसच्या जेवणात शेपू असतोच म्हणे, आणि म्होंग शेतकरी इथे सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात उन्हाळाभर शेपूच्या जुड्या विकतात. आमच्याकडे शेपूची भाजी करायची ती बाळंतिणीला दूध यावं म्हणून. माशाबरोबर मी तो स्वप्नातही खाल्ला नव्हता. छान लागतो, लेमनग्रास आणि शेपू दोन्ही मिळून माशाचा उग्रपणा पार घालवतात.

कच्च्या पपईची कोशिंबीर जावयांनी मागवली. मातीच्या उखळात लाकडी मुसळाने ठोकत होते, तो टक-टक आवाज बाहेर ऐकू येत होता. मागवताना दोन प्रश्न विचारतात. मिरच्या किती? आणि थाई पद्धतीची की लाओ-म्होंग पद्धतीची? थाईत शेंगदाणे आणि गोडवा. दुसरीत आंबवलेल्या माशाचं गढूळ पाणी, कोळंबीची पेस्ट, खारवलेले खेकडे. रंगाने काळपट आणि वासाने जबर. जावई मूळचे नागपूरचे, ते वासानेच मागे सरले. मी आगोटीला सुकट आणि बोंबील घरात भरून ठेवणारी बाई, मला तो वास ओळखीचा होता. तीन मिरच्या सांगितल्या होत्या. त्या तीन मिरच्यांनी माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. लेक नुसती बघत राहिली. "बाळ झालं की," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आम्ही दर शनिवारी जायला लागलो. मला त्या मुलीकडून कळत गेलं की पाटीवर 'थाई' एवढं मोठं का आहे. तिच्या आजी-आजोबांनी दुकान काढलं तेव्हा इथल्या लोकांना म्होंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. थाई म्हटलं की माणसं आत यायची. आणि थायलंड त्यांच्यासाठी उपरा देशही नव्हता. तिची आई थायलंडमध्येच जन्मली, निर्वासितांच्या छावणीत. लाओसच्या डोंगरातल्या म्होंग लोकांना 1960च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने कम्युनिस्टांविरुद्ध आपल्या बाजूने लढायला उभं केलं. ते युद्ध अमेरिकेने आपल्याच जनतेपासून लपवून ठेवलं होतं. वांग पाओ हा त्यांचा सेनापती. 1975च्या मे महिन्यात तो लाओसबाहेर पडला, विमानात मोजक्यांनाच जागा मिळाली आणि बाकीचे मागे उरले. मग लोक जंगलातून चालत निघाले आणि मेकाँग नदी बांबूंच्या तराफ्यांवर, टायरच्या ट्यूबांवर, काही तर नुसते बांबू काखेत धरून ओलांडून थायलंडला पोचले. बरेच पोचलेच नाहीत. बान विनाय नावाची सगळ्यात मोठी छावणी 1992 पर्यंत होती. चर्चच्या संस्थांनी काही कुटुंबं मिनेसोटात आणली, मग नातलगांमागे नातलग येत गेले. आज या राज्यात 90,000हून अधिक म्होंग राहतात. बर्फ कधी न पाहिलेली माणसं या बर्फात.

आता कुणी त्या जागेला 'स्वस्तातलं थाई' म्हटलं की मला राहवत नाही. स्वस्त आहे हे खरंच, आणि त्याचं मोल मला कळतं. माझ्या लेकीच्या घरी एकच पगार चालू होता. पण जेवण स्वस्त आहे कारण घरातल्या तीन पिढ्या तिथे उभ्या असतात. पाला आजीच्या बहिणीच्या शेतातला येतो. सॉसेज रविवारी सगळे मिळून भरतात. त्या मुलीचं कॉलेज संपलं की ती थेट काउंटरवर येते. बारा डॉलरच्या ताटात एवढ्या जणांचे हात असतात, हे मला तिथे नुसतं बसूनही दिसत होतं.

जानेवारीत नात झाली. सगळं सुखरूप. दवाखान्यातले लोक मायेचे होते, पण बाळंत होऊन तासही झाला नव्हता तर लेकीच्या हातात बर्फाच्या पाण्याचा मोठा पेला आणि थंड सँडविच. मी थर्मास पुढे केला, परिचारिका हसून म्हणाली, "जशी तुमची पद्धत." घरी आल्यावर मी अळिवाची खीर केली, मेथीची पेज केली. लेकीला काही जाईना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, मला ते पाल्याचं गरम पाणी हवं."

जावयांनी मला गाडीने नेऊन सोडलं. ती दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. मी मुलीला बातमी सांगितली, ती आत धावली, आणि तिची आजी पहिल्यांदाच स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. डोक्याला काळा रुमाल, मनगटांवर पांढऱ्या दोऱ्यांचे कितीतरी वेढे. तिला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं आणि तिच्या नातीने, काउंटरवरच्या त्या मुलीने, मला सांगितलं: "जेवली का ती? काय जेवते?"

म्होंग लोक एकमेकांना भेटल्यावर 'भात खाल्लास का' असंच विचारतात, हे मला ठाऊक झालं होतं. 'नॉ मॉ', भात खाणे, म्हणजेच जेवणे. हा प्रश्न मला या देशात आल्यापासून कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न: "पाणी गरम पिते ना?" मी पिशवीतून थर्मास काढून दाखवला. तिने मान हलवली, दोनदा. मग त्यांच्याकडची रीत सांगितली. बाळंतपणानंतर तीस दिवस गरम भात आणि औषधी पाल्यात उकडलेली ताजी कोंबडी, तीनही वेळा तेच. थंड काही नाही, कच्चं काही नाही, फळ नाही, कोशिंबीर नाही. वारा लागू द्यायचा नाही. मी आमचं सांगितलं: सव्वा महिना, डोक्याला आणि कानाला फडकं, शेकशेगडी, सुंठ, डिंक, गरम पाणी. नात मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करत होती आणि मधूनच थांबून म्हणत होती, "हे तर तेच आहे."

ती कोंबडी मेनूवर असते, पण शनिवार-रविवारीच करतात, कारण पाला पुरत नाही. हिवाळ्यात तो पाला कुंड्यांमध्ये खिडकीपाशी जगवतात, काही गोठवून ठेवतात. त्या दिवशी मंगळवार होता. आजी आत गेली आणि अर्ध्या तासाचं काम आहे, बसा, असं नातीकरवी कळवलं. काळी कोंबडी आहे, म्हणाली. कातडी काळी, मांस काळपट, हाडंसुद्धा काळी. "आमच्याकडे कडकनाथ म्हणतात," मी म्हटलं. त्यांच्याकडेही ती ताकदीची मानतात.

मला एक शंका होती आणि ती मी लपवली नाही. ते पाले मला ओळखीचे नव्हते. लेमनग्रास कळलं, बाकी चार-पाच जुड्यांची नावं नातीलाही इंग्रजीत सांगता येईनात. मी लेकीला फोन केला, लेकीने तिच्या सुईणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इथल्या कितीतरी आया हेच जेवतात, आम्हाला परिचयाचं आहे, खुशाल घ्या. मग मी निर्धास्त झाले.

त्या अर्ध्या तासात आजी एकदा हात पुसत बाहेर येऊन बसली. मी विचारलं, तुमचं गाव कुठलं? तिने लाओसमधल्या एका डोंगराचं नाव घेतलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग ती बराच वेळ बोलली आणि नात गप्प झाली. नंतर तिने सांगितलं ते असं. म्होंग घरात मूल जन्मलं की त्याची वार घरातच पुरतात. मुलाची घराच्या मुख्य खांबापाशी, मुलीची आईबापाच्या बिछान्याखाली. वारेला ते 'अंगरखा' म्हणतात, माणसाचा पहिला अंगरखा. मेल्यावर जीव जिथे जिथे राहिला ती सगळी गावं उलट क्रमाने पार करत त्या खांबापाशी, त्या बिछान्याखाली पोचतो, अंगरखा घालतो आणि मग पूर्वजांकडे जातो. "पॉला," नात आजीला पॉ म्हणते, वडिलांची आई, "सेंट पॉलहून थायलंडच्या छावणीत जावं लागेल, तिथून नदी ओलांडून लाओसला. ते घर आता नाही, पण जागा तिला माहीत आहे."

आमच्याकडे म्हणतात, जिथे नाळ पुरली ती जागा माणसाला ओढते. माझी चिपळूणच्या परसात आहे, लेकीचीही तिथेच, मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या नातीची कुठे गेली हे दवाखान्यात विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी हे आजीला सांगितलं नाही. तिने माझा हात धरला होता, तो तसाच राहू दिला.

कोंबडी स्टीलच्या डब्यात नव्हे, त्यांच्याच दोन प्लास्टिकच्या डब्यांत भरली, वर गरम भात वेगळा. हा भात साधा, चिकट नाही. मुलीने चौदा डॉलर रीतसर घेतले. मला बरं वाटलं. फुकट दिलं असतं तर पुन्हा मागायला गेले नसते.

लेकीने त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. रस्सा पाण्यासारखा पातळ, पिवळसर, वर चरबीचे थोडे डोळे. हळद नाही, तिखट नाही, मीठ कमी. पाल्यांना किंचित कडू चव आणि मागाहून जिभेवर गारवा. मीही चमचाभर घेतला. आमच्या गावठी कोंबडीच्या रश्शापुढे तो फिकाच म्हणेन, पण बाळंतिणीच्या तोंडाला तेच हवं होतं. पुढचे पाच आठवडे जावई शनिवारी दोन डबे आणत आणि बाकीचे दिवस माझी पेज, माझी खीर, माझे लाडू. दोन्ही रीती एका ताटात सुखाने नांदल्या. मी बाळंतशोपा कुटून एका बाटलीत भरून आजीला पाठवला. तिने चावून पाहिला आणि निरोप दिला, शेपूचं बी आहे, ओळखलं.

सव्वा महिना झाला त्या शनिवारी लेक पहिल्यांदा बाहेर पडली. बर्फाचे ढीग फुटपाथच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे होते. बाळाला चार कपड्यांत गुंडाळून आम्ही तिला घेऊन गेलो. आजी बाहेर आली, बाळाला न उचलता नुसती वाकून बघत राहिली. बाळाच्या मनगटातल्या काळ्या दोऱ्याला तिने बोट लावलं आणि आपल्या मनगटावरचे पांढरे दोरे माझ्यापुढे धरले.

लेकीने मेनू न उघडता सांगितलं, "कच्ची पपई. म्होंग पद्धतीची. तीन मिरच्या." तीन महिने ती वाट पाहत होती. आतून मुसळाचा आवाज आला, पण नेहमीपेक्षा थोडाच वेळ. बशी आली तेव्हा त्यात एकच मिरची होती, तीही बिया काढलेली. लेक काही म्हणणार तोच आजी मागोमाग आली. लेकीच्या पुढ्यातला बर्फाचा ग्लास तिने उचलला आणि त्या जागी वाफ येणारा कप ठेवला. मी पिशवीत घातलेला हात थर्मासवरून काढून घेतला.